साइटवर अॅप घेतलं, मुकादम वहीच काढतो. काय करावं?

ओळंबा:
नमस्कार मंडळी. मी गेली बावीस वर्षं सांगलीत बांधकामाची कामं घेतो. फार मोठी नाहीत. विश्रामबाग, कुपवाड, मिरजेच्या बाजूला बंगले, नाहीतर तळमजला धरून चार मजल्यांच्या इमारती. सध्या तीन साइट चालू आहेत.

मुलगा डिप्लोमा करून धंद्यात आला आणि आल्या आल्या म्हणाला, "पप्पा, वही बंद." उन्हाळ्यात अॅप घेतलं, वर्षाची वर्गणी भरली. हजेरी, सिमेंट-स्टीलची आवक-जावक, रोजचा रिपोर्ट, फोटो, सगळं त्यात. सुपरवायझरला नवा फोनही घेऊन दिला.

आता दिवाळी झाली. मुकादम अजून सकाळी खिशातून ती लांबट लाल वही काढतो, कानावरची पेन्सिल काढतो आणि माणसं मोजतो. सुपरवायझर संध्याकाळी सिमेंटच्या थप्पीवर बसून ती वही बघून अॅप भरतो. पूर्वी एक काम होतं, त्याची दोन झाली. विटा किती आल्या म्हणून विचारलं की मुलगा फोन उघडतो आणि मी मुकादमाला फोन लावतो. मुकादमाचा आकडा आधी येतो.

त्यात गेल्या महिन्यात स्टीलचा घोळ झाला. चलनावर जेवढं वजन होतं त्यापेक्षा अॅपमध्ये दीडशे किलोच्या वर कमी दिसतंय. मुकादम म्हणतो वही बघा, सगळं बरोबर आहे. मुलगा म्हणतो वहीवर विश्वास कसा ठेवायचा. दोघांच्या मधे मी.

अॅप रेटत न्यावं की सोडून द्यावं? ज्यांनी छोट्या साइटवर असलं काही चालवलंय त्यांनी सांगा.

घमेलं:
वहीला चार्जर लागत नाही, एवढंच सांगतो.

रिकामटेकडा:
भडंग घेऊन बसलो आहे. येऊ द्या.

मिरजेची_माहेरवाशीण:
ओळंबादादा, मी पुण्यात एका मोठ्या कंपनीत साइट इंजिनिअर आहे. आमच्याकडेही पहिल्या वर्षी हेच झालं होतं. अॅप सगळ्यांच्या फोनमध्ये, पण त्यात भरलेलं सगळं शनिवारी एकदम, आठवून आठवून.

गाडी रुळावर कधी आली? ऑफिसने ठरवलं तेव्हा, की ठेकेदाराचं आरए बिल, म्हणजे झालेल्या कामाचं चालू बिल, अॅपमधल्या मोजमापावरच निघेल, कागदावरचं मोजमाप चालणार नाही. पंधरा दिवसांत सगळे शिकले. जे "मॅडम, आम्हाला मराठी पण नीट टाइप करता येत नाही" म्हणत होते, ते मला प्लास्टरच्या चौरस मीटरमधली दशांशाची चूक दाखवायला लागले. :)

तुमच्याकडे अॅप भरलं नाही म्हणून कुणाचं काय अडतं? तुमच्या लिहिण्यावरून तरी कुणाचंच अडत नाही. पगार वहीवरच होतो ना?

वायझर:
माहेरवाशीण ताईंना +१. सुपरवायझर म्हणून चार वर्षं काम केलंय. मालक संध्याकाळी फोनवर विचारतो, तेच परत अॅपमध्ये भरा, तेच परत व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. तीन ठिकाणी एकच गोष्ट. शेवटी माणूस एक ठिकाण खरं ठेवतो आणि बाकी दोन ढकलतो.

प्लेटा_आणि_ठोकळे:
आमचा घरचा सेंट्रिंगचा, म्हणजे स्लॅबखालच्या साच्याचा ठेका आहे, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहितो. कुणी राग मानू नका.

मुकादमाला अॅप येत नाही हे खोटं आहे. तो रात्री फोनवर रील बघतो, गावाकडं पैसे पाठवतो, मुलाच्या शाळेचा ग्रुप बघतो. त्याला अॅप नको असतं, ते वेगळ्या कारणानं.

मुकादम जतकडची किंवा विजापूरकडची पंधरा माणसं घेऊन येतो. येताना प्रत्येकाला उचल दिलेली असते. कुणाला दहा हजार, कुणाला वीस. ती त्याने स्वतःच्या खिशातून नाहीतर व्याजाने आणून दिलेली असते. त्यातला एखादा चार दिवस काम करून पळतो. पैसे बुडाले. ते मालक भरून देणार आहे का? नाही. मग चौदा माणसं आली तर वहीत सोळा लागतात. कधी अर्ध्या दिवसाचा पूर्ण लागतो. मालकालाही आतून माहीत असतं. तो हजेरीवर घासाघीस करत नाही, पण दर मात्र पाडूनच देतो. असं दोघांचं जमलेलं असतं.

आता तुम्ही चेहरा दाखवून हजेरी आणली. चौदा म्हणजे चौदाच. ती दोन माणसं कुठून काढायची त्याने? तेव्हा नेटवर्क जातं, फोन पडतो, "ॲप उघडतच न्हाई मालक."

आधी उचलीचा हिशेब उघडा करा. अॅप आपोआप उघडेल.

घमेलं:
हे वाक्य कुपवाडच्या नाक्यावर बोर्ड करून लावा.

ओळंबा:
प्लेटाभाऊ, लागलं. पण खरं आहे ते कसं नाकारू. आमचा मुकादम माझ्याकडे अकरा वर्षं आहे. दोन-तीन हजेऱ्या इकडेतिकडे होतात हे मला ठाऊक आहे. मुलाला ठाऊक नव्हतं. त्याने अॅपवर पहिल्याच आठवड्यात "तफावत" म्हणून लाल खूण बघितली आणि त्याला वाटलं आपण चोर पकडला.

माहेरवाशीण, हो. पगार वहीवरच होतो. शनिवारी.

पाचवा_मजला:
अॅपचं नाव सांगाल का?

वायझर:
अवांतर, पण राहवत नाही. आमच्या मालकांनी जागेची खूण आणि वेळ उमटणारे फोटो सक्तीचे केले होते. रोज सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी पाच. एका पठ्ठ्याने एकाच दिवशी वेगवेगळे शर्ट घालून आठवड्याचे फोटो काढून ठेवले आणि रोज त्या फोनची तारीख बदलून... पुढचं तुम्ही समजून घ्या. सापडला कसा? प्रत्येक फोटोत मागे तेच कुत्रं, त्याच वाळूच्या ढिगावर, तसंच झोपलेलं. मालक म्हणाले, "हे कुत्रं मेलंय का बघून या रे."

रिकामटेकडा:
भडंग घशात अडकलं.

जुना_गुण्या:
मी निवृत्त आहे. सरकारी कामावर ओव्हरसिअर होतो. तुम्हा मुलांचं वाचून गंमत वाटते. आम्ही एमबी लिहायचो, म्हणजे मोजमाप पुस्तक. त्यात खाडाखोड चालत नसे. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही. खोट्या नोंदी तेव्हाही व्हायच्या, पण स्वतःच्या अक्षरात खोटं लिहायला हात थोडा अडखळायचा.

ते राहू द्या. यंत्राबद्दल एक सांगतो. पुतण्या बंगले बांधतो. त्याने लेझर लेव्हल आणली, हिरव्या किरणाची. गवंडी म्हणाला माझी नळीच बरी. त्या पारदर्शक पाण्याच्या नळीने लेव्हल काढायला दोन माणसं लागतात, लेझरला एक. पुतण्या हट्टाने लेझरवर गेला. प्लिंथच्या एका कोपऱ्यात तीन सेंटिमीटरचा फरक. गवंडी आठवडाभर हसत होता.

मी जाऊन बघितलं. लेझरचं तिपाई स्टँड कालच भरलेल्या मुरुमावर, न धुमसलेल्या भरावावर ठेवलेलं! दुपारपर्यंत एक पाय खचला. वर उन्हात रेघ दिसेना, म्हणून अंदाजाने खूण केली. घट्ट जागेवर ठेवून, सकाळी किंवा उन्हातला रिसीव्हर लावून बघितलं तर बरोबर. मग मी गवंड्याची नळी तपासली. मधे बोटभर हवेचा बुडबुडा! तीही चुकत होती, दुसऱ्या भिंतीला. फक्त त्या भिंतीकडे कुणी बघितलं नव्हतं.

प्लेटा_आणि_ठोकळे:
गुण्याकाका, दंडवत.

दोहावाला:
मी कतारमध्ये असतो, सांगलीत घर बांधतोय. ठेकेदारावर विश्वास होता, पण बायकोच्या आग्रहाने कॅमेरा लावला. सोलर पॅनेलवाला, सिमकार्डचा. रोज ऑफिसमधून बघायचो. दिसायचं काय? आमचे वडील, खुर्ची, छत्री आणि पेपर. साइट त्यांच्या पाठीमागे.

एकच फायदा झाला. स्लॅबला पाणी कधी मारतात ते कळलं. पहिले दोन दिवस गवंडी मन लावून मारायचा, वाफे करून पाणी साठवलं होतं. तिसऱ्या दिवशी फक्त कॅमेऱ्याकडचा अर्धा स्लॅब ओला. मी फोन केला तर म्हणाले, "पलीकडं बी मारलंय, कॅमेऱ्यात येत न्हाई." वडिलांना वर पाठवलं. कोरडा ठणठणीत.

जुना_गुण्या:
साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि फ्लायअॅशवाल्या (कोळशाची राख मिसळलेल्या) सिमेंटला किमान १० दिवस ओलं ठेवायचं, हे काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकात लिहिलंय. आज बाजारातल्या बहुतेक गोण्या पीपीसी, म्हणजे फ्लायअॅशवाल्या. म्हणून दहा. उन्हाळ्यात चौदा. कॅमेरा असो वा नसो.

हरिपूर_संगम:
वहीचे भक्त बरेच दिसतात म्हणून लिहितो. माझं दुकान आणि गोडाऊन मारुती चौकाच्या बाजूला होतं. सिमेंट, स्टील, सॅनिटरीचा माल, शिवाय तीन कामं चालू. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, तेव्हा पाणी ५७ च्या वर गेलं. २००५ चा पूर बघितला होता, म्हणून त्या खुणेच्या वर एक फळी मारून माल ठेवला होता. ती फळी पण गेली.

सिमेंटचं सांगत नाही. दोनशे गोण्यांचे दोनशे दगड झाले, आजही मागच्या अंगणात फरशीसारखे लावलेत. स्टील धुऊन, घासून काही वापरलं, काही विकलं. खरं नुकसान वह्यांचं झालं. आठ वर्षांच्या उधाऱ्या, कुणाला किती उचल, कुठल्या ठेकेदाराचं किती राहिलं. पाणी ओसरल्यावर वह्या उघडल्या तर निळा लगदा. ज्यांची नियत चांगली होती त्यांनी स्वतःहून सांगितलं, अण्णा तुमचे चाळीस हजार आहेत माझ्याकडे. दोघांनी सांगितलं. बाकीचे अजून मला रस्त्यात बघून गाडी वळवतात.

तेव्हापासून मी फोनवर लिहितो. अॅप नाही, साधं शीट. मुलगी बंगळुरूला बसून बघते. २०२१ ला पाणी परत आलं, तेव्हा माल वर हलवला आणि हिशेबाची काळजी केली नाही.

घमेलं:
माझी पहिली पोस्ट मागे घेतो.

कोयनाकाठ:
साताऱ्याहून. आमच्या भागात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाच्या गोष्टी अजून घरोघरी सांगतात. आजोबा कोयनानगरला होते. त्यामुळे आमच्याकडे घर बांधणारा माणूस रिंगांबद्दल विचारतो, निदान विचारायला हवं.

कॉलमच्या उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या रिंगेचं हुक १३५ अंशांत वळून आत काँक्रीटच्या गाभ्यात गेलं पाहिजे. फिटरला ९० अंशांत वळवणं सोपं, पटकन होतं. धक्का बसला, सळ्यांवरचं काँक्रीटचं कव्हर सुटलं की ९० ची रिंग उघडते. आणि एकदा काँक्रीट ओतलं की कुणाच्या बापाला कळत नाही आत काय आहे.

म्हणून माझं मत, अॅपमधला बाकी सगळा पसारा बंद करा, पण काँक्रीटच्या आधीचे फोटो सोडू नका. प्रत्येक कॉलमचा जवळून एक, रिंगेच्या हुकाचा एक, कव्हर ब्लॉकचा (सळई साच्यापासून लांब ठेवणाऱ्या ठोकळ्याचा) एक. नंतर मालक भांडायला आला तर दाखवता येतात. मुख्य म्हणजे फोटो निघणार हे कळल्यापासून आमच्या फिटरची हुकं सुधारली. पट्टीने मोजायची वेळ आली नाही.

पाचवा_मजला:
सगळं बरोबर, पण अॅपचं नाव?

गावभागातला:
आमच्या गल्लीत परवा रेडीमिक्सची गाडी आली. सहा घनमीटरचा ट्रक, दोन्ही बाजूंना वाडे. आला कसा हे कोडं, गेला कसा हे दुसरं. वळणावर एका ओट्याची कड घेऊन गेला. तासभर तिथेच फिरत उभा, मग ठेकेदार म्हणाला घट्ट झालंय, दोन पाइप पाणी मारा. मारलं. हे चालतं का हो?

मिरजेची_माहेरवाशीण:
नाही चालत! गाडी भरल्यापासून दोन तासांत काँक्रीट ओतलं जायला हवं. घट्ट झालं म्हणून पाणी मारलं की एम२५ या ताकदीच्या काँक्रीटचं नाव फक्त चलनावर उरतं. एका ५० किलोच्या गोणीला साधारण २५ लिटर पाणी धरलं, तर दोन पाइप म्हणजे किती, कुणी मोजलं? प्लँटवाल्याला फोन करून रसायन मारून घ्यायचं असतं, आणि ते त्यांच्याच माणसाने.

ताकद तपासायचे क्यूब भरले का? गाडीतून १५ सेंटिमीटरचे सहा क्यूब, तीन ७ दिवसांना, तीन २८ दिवसांना. प्लँटवाल्याने भरलेले क्यूब पास होतातच. तुम्ही तुमच्या साइटवर, पाणी मारल्यानंतर भरा आणि बाहेरच्या लॅबमध्ये द्या.

गावभागातला:
क्यूब नाही भरले. साचे आणले होते, त्यात मजुरांनी चहाचे कप ठेवले होते.

कवलापुरी_बाग:
मी द्राक्षवाला आहे, बांधकामातलं काही कळत नाही. पण घर बांधताना एका इंजिनिअरने मला रंगीत तक्ता दाखवला होता. कुठल्या आठवड्यात काय, पट्ट्या काढलेल्या. सगळं सुंदर. मी विचारलं, ऑक्टोबर छाटणीला तुमची बिगारी कुठं असणार? तो म्हणाला म्हणजे? छाटणी सुरू झाली की तासगाव, कवलापूर, सगळीकडं बाया-माणसं बागेत. रोज जास्त मिळतो. माझ्याच घराचं प्लास्टर माझ्याच बागेमुळं एकवीस दिवस थांबलं.

प्लेटा_आणि_ठोकळे:
त्यानंतर कारखाने सुरू झाले की ट्रॅक्टर मिळत नाहीत. सगळे ऊस ओढायला. क्रश सँड कशात आणायची? हे पुण्यात बसून तक्ता करणाऱ्याला कळत नाही. (ताई, तुम्ही सोडून.)

मिरजेची_माहेरवाशीण:
:) माहेरच्या माणसाला सगळं कळतं.

ओळंबादादा, मुद्द्यावर येते. तुमच्या स्टीलचं कोडं डोक्यातून जात नाहीये. अॅपमध्ये आवक कशात भरता, नगात की किलोत? आणि सगळा माल एकाच जाडीचा होता का?

ओळंबा:
सगळा ८ मिमी. स्लॅब आणि रिंगांसाठी. चलन ३,१८० किलो, काट्यावरची पावती आहे. सुपरवायझर अॅपमध्ये नग टाकतो, अॅप किलो करतं. ६३८ नग. अॅप म्हणतं ३,०२४ किलो. मुकादमाच्या वहीतही नग ६३८च.

मिरजेची_माहेरवाशीण:
दादा, मुकादमाला काही बोलला असाल तर उद्या सकाळी जाऊन चहा पाजा.

८ मिमीचं पुस्तकी वजन मीटरला ०.३९५ किलो. १२ मीटरचा बार ४.७४ किलो. ६३८ गुणिले ४.७४ करा, ३,०२४. म्हणजे अॅपने फक्त पुस्तकातलं वजन लावलंय. प्रत्यक्ष बार पुस्तकाप्रमाणे नसतो. सळ्यांच्या आयएस १७८६ या मानकात १० मिमीपर्यंतच्या बारांना वजनात ७ टक्के कमी-जास्त चालतं. तुमचा माल जरा जाड निघाला असेल. पैसे तुम्ही काट्यावरच्या वजनाचे दिले, अॅपने हिशेब पुस्तकी वजनाचा केला. दहा बार उचलून तोला.

प्लेटा_आणि_ठोकळे:
उलटंही होतं. हलका माल आला की अॅपमध्ये स्टील "वाढतं" आणि मालक खूश. तेव्हा कुणी धागा काढत नाही.

लाल_पदर:
मी एका संस्थेसाठी नाका कामगारांची नोंदणी करून देते, इथलीच. एक सुचवते. बांधकाम कामगार मंडळात नोंद करायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. दरवर्षी नूतनीकरणालाही. ठेकेदार दाखला देताना कुरकुरतात, कारण सही केली की माणूस आपला ठरतो अशी भीती. मग बिचाऱ्या बाया ग्रामसेवकाकडे नाहीतर महापालिकेत चकरा मारतात आणि तेवढ्या दिवसांचा रोज बुडतो.

तुमच्या अॅपमध्ये नावानिशी हजेरी आहे ना? त्याचा कागद काढून सही करून दिलात तर हजेरी नीट लागावी म्हणून मजूरच मुकादमाच्या मागे लागतील. मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपणाची मदत, भांड्यांचा संच, हे त्यांच्या हक्काचं आहे. शिवाय बांधकाम खर्चाचा एक टक्का उपकर तुम्ही लोक भरताच.

वायझर:
भांड्यांच्या संचाची ताकद कमी समजू नका. आमच्या साइटवर एकीला मिळाला, दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी आधार कार्ड घेऊन हजर.

ओळंबा:
मंडळी, आठवडाभराने लिहितोय. स्लॅबच्या गडबडीत होतो.

आधी स्टीलचं. दहा बार काट्यावर घातले. ४९.८ किलो. पुस्तकाप्रमाणे ४७.४ यायला हवे होते. ६३८ ला गुणलं तर ३,१७७. चलनापेक्षा तीन किलो कमी. तेवढं काट्यातही मागेपुढे होतं. मुलगा बराच वेळ कॅल्क्युलेटर बघत बसला होता.

मुकादमाला मी बोललो होतो. चोर म्हणालो नाही, पण अकरा वर्षांच्या माणसाला कळायचं ते कळतं. चहा पाजला. तो चहा पिताना काही बोलला नाही.

अॅपचं असं ठरवलंय. रोजचा रिपोर्ट बंद, तो कुणी वाचत नव्हतं, मीही नाही. हजेरी, स्टील-सिमेंटची आवक-जावक आणि काँक्रीटच्या आधीचे फोटो, एवढंच. मुकादमाने वही सोडायची नाही. सुपरवायझरने सुट्टीच्या आधी वहीच्या त्या दिवसाच्या पानाचा फोटो काढायचा, म्हणजे हरिपूरच्या अण्णांसारखा लगदा व्हायला नको. शनिवारचा पगार अॅपवर. उचल मी देणार, माझ्या नावावर, मजुराच्या समोर, आणि ती अॅपमध्ये लागणार. माणूस पळाला तर अर्धा तोटा माझा. त्या बदल्यात चौदाचे चौदा. यावर मुकादम दोन दिवस विचार करत होता. मग म्हणाला, निम्मा न्हाई, पाऊण तुमचा. दोनतृतीयांशावर मिटलं.

लाल_पदर ताईंनी सांगितलेला ९० दिवसांचा दाखला सहा बायकांना दिला. त्यातल्या दोघींच्या आडनावात अॅपमध्ये चूक निघाली. मुकादमाच्या वहीत तर आडनावच नव्हतं, "काशीची सून" एवढंच होतं.

काल नवीन माल आला. मुकादमाने नग मोजले, लाल वहीत लिहिले आणि मला विचारलं, "मालक, आता वजन बी लिवायचं का?" म्हटलं लिही. तर म्हणाला, "मग दुसरी वही आना. हितं जागा न्हाई."

रिकामटेकडा:
भडंग संपलं.

पाचवा_मजला:
सगळा धागा वाचला. अॅपचं नाव अजून कुणी सांगितलेलं नाही.

घमेलं:
लाल वही. स्टेशनरीच्या कुठल्याही दुकानात.